दोन भरमा

हुक्केरीच्या कचेरीत, कानडी उताऱ्यावर:
भरमप्पा कल्लप्पा.
संकेश्वरात मिरचीच्या वखारीतली मोडी वही:
भरमाजी कल्लाप्पा, उधारी साडेतीन रुपये.
बाप एक, गल्ली एक, बांधाला लागून शेजारी तोच.
मी म्हटलं, माणूसही एकच.
आमच्या भागात कारकून बदलला
की नावाचं शेपूट बदलतं,
त्यात काय एवढं.

जन्मसालात तीन वर्षांचा फरक निघाला.
त्याचंही उत्तर माझ्याकडं तयार होतं:
शाळेत घालताना मास्तर वय वाढवायचे.
दोघांना एका चौकटीत घातलं,
वर शाईनं गिरवलं,
आणि वंशावळ कशी सरळ झाली.

मग ते एक चिटोरं.
देवी टोचल्याची नोंद, साल अठराशे अठ्ठ्याण्णव.
भरमा वल्द कल्लाप्पा, वय दीड, डावा दंड,
फोड धरले.

भिंतीवरच्या फोटोतले पणजोबा
मी लहानपणापासून बघतोय.
फेटा, मिशा,
आणि गालभर देवीचे वण,
पेरणीआधी पाखरांनी उकरलेल्या वाफ्यासारखे.
ज्याला टोचलं, त्याला इतक्या देवी कशा आल्या?

त्या वर्षी हेळवी आला तो मोटारसायकलवर.
नंदी नाही, रेक्झिनची पिशवी, आत तीच चोपडी.
यमनाप्पानं सुरात पिढ्या म्हणायला घेतल्या,
कल्लप्पापाशी थांबला,
दोन बोटं वर केली:
इब्बरु.
दोघं.
थोरला टोचल्यावर आठव्या दिवशी तापानं गेला.
धाकटा झाला तेव्हा पाळण्यात तेच नाव ठेवलं.
त्याला टोचायला माणूस आला
तर तुंगव्वानं आतून कडी लावली म्हणे.

गिरवलेली शाई खोडरबरानं जात नाही.
ब्लेडनं खरवडली, कागद तिथं पातळ झाला.
बाजूला एक चौकट काढली, लहान,
जिच्याखाली रेघ नाही.
जी कुणाला लावायचं, अप्पा कुणाला,
ते ठरेना. दोघांनाही मी नुसतंच
भरमा लिहिलं,
तिनं हाक मारली असेल तसं.

जाताना यमनाप्पानं जोंधळ्याचं माप
एक जास्त मागितलं.
म्हणाला, तुमच्यात माणूस वाढला की.