चौसष्ट

घर्षण दीड धरलं. स्लॅबचं वजन,
कडेपर्यंतचं अंतर, पोलादाची ताकद.
पाठ असलेलं गणित पुन्हा मांडलं
गोवंडीत, सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर.

बारा मिलीची सळई, चौसष्ट सेंटिमीटर.
बत्तीस या लेनमध्ये, बत्तीस त्या.

शिंगाडे मुकादम म्हणाला,
"मॅडम, पन्नासही चालतील.
आत गेल्यावर कोण बघतंय?"

खरंय. कोणीच नाही.
ट्रकचा भारही ही पेलत नाही,
फक्त फट रुंदावू देत नाही.
एवढंच काम, तीस वर्षं.

पहाटेचे चार. टेप लावून
अकरा सळया बाजूला टाकल्या.
शिंगाडे काही बोलला नाही, कटर मागवला.

काल ओतलेल्या स्लॅबच्या कडेतून
उरलेले बत्तीस बाहेर आलेत,
एका टोकावर कुणीतरी
ओले हातमोजे वाळत घातलेत.