निर्लेखन

मार्चअखेर. परतवाड्याहून पहिल्या एसटीनं
मेळघाटातल्या त्या विश्रामगृहात
मी डेडस्टॉक तपासायला गेले.
खुर्च्या अकरा, पैकी मोडक्या चार.
पंखा ओढायची दोरी एक, पंखा नाही.
चित्रे, इंग्रजी, चौकटीसह, नग सहा.

बिसराम धिकारनं शिडी लावली.
एकेक चौकट उतरली तशी भिंतीवर
जुन्या चुन्याची पांढरी खिडकी उघडत गेली.
मागून निघाली पालीची अंडी,
विंचवाची एक अख्खी, रिकामी कात.
‘स्थिती’च्या रकान्यात काय लिहावं
म्हणून मी काचेवरून ओलं फडकं फिरवलं.

घर. घरापुढे घराहून मोठं गवत.
गवतापुढे तळं, त्याला शहाणं वळण.
झाडं तीन-तीनच्या घोळक्यानं,
सांगितलंय तिथंच उभी.
रंग नाहीच कुठं, नुसत्या रेघा,
आभाळसुद्धा वखर फिरवल्यासारखं.
खाली लपेटदार अक्षरांत
कुणा एस्क्वायरची सीट.
मी आधी खुर्ची शोधली.

बिसरामनं लांबून पाहिलं, मग जवळून,
मग काचेवरूनच नखानं एक रेघ धरून गेला.
“कोरेल हाय हे. लाकडात?”
तांब्यात, मी म्हटलं. शाई भरून कागदावर दाबतात.
“मंग उलटं कोरा लागत असन.”

तीस वर्षं ही चित्रं मी मोजत आले,
हे मला सुचलं नव्हतं.
त्याचा बाप मुंडे कोरायचा,
मेलेल्याच्या नावाचा सागाचा खांब.
त्यावर चांद, सूर्य, आणि घोड्यावर तो,
जन्मात घोडा न मिळालेला माणूस.

“मॅडम, याच्यात गाव कोठी हाय?”

मी सहाही चौकटी ओसरीत मांडल्या.
हरणं होती. बदकं. छत्री घेतलेली एक बाई.
“एवढं गवत कापाले धा-बारा माणूस पायजे.
त्यायच्या चुली कोठी?”

कुठंतरी वाचलेलं सांगितलं मग.
की खिडकीतून दिसू नये म्हणून
काही मालक अख्खं गाव उचलून
टेकडीमागं नेऊन ठेवत.
की गुरं आत येऊ नयेत म्हणून
कुंपणाऐवजी चर खणत,
घरातून पाहिलं तर तो दिसायचाच नाही.

बिसराम बराच वेळ फडकं पिळत राहिला.
त्यातलं पाणी कधीच संपलं होतं.
“आमचं भिलवाढाणा उठून नऊ वर्सं झाले.
आता तठी गवत हाय. लय सुंदर दिसते.
चितळं येतात. जिप्सीवाले थांबतात,
फोटो काढतात, म्हनतात, काय मोकळं हाय!
मुंडे तेवढे राह्यले, आंब्याखाली.
त्यायले प्याकेज कोन देते?”

सहाव्या चित्रात वाळवीनं
घराचा डावा अर्धा खाल्ला होता.
कोपऱ्यात, तांदळाएवढा,
पाठमोरा एक माणूस विळा घेऊन.
“हा एक हाय,” बिसराम म्हणाला,
आणि इतर पाच पुन्हा एकदा
कोपऱ्या-कोपऱ्यानं तपासली.

नियमानं ही जाळता येतात.
मी म्हटलं, घेऊन जा, घरी लाव.
“चित्र नाई पायजे. काच द्या.
सातबारा लावतो, नव्या गावचा.
वाळवी तठीबी हाय.”

खिळे पक्कडीनं निघाले नाहीत, त्यानं दातांनी काढले.
काच दुपट्ट्यात गुंडाळून
तान्हं मूल धरावं तशी काखेत धरली,
आणि एसटी येईपर्यंत खाली ठेवली नाही.

मी लिहिलं: चित्रे सहा, वाळवीग्रस्त, किंमत निरंक.
काचेसाठी रकाना नव्हता.

गाडीत कागद मांडीवर पालथे ठेवले होते.
घाटात दिवे गेले तेव्हा
मागच्या बाजूनं बोट फिरवून पाहिलं.
गवत हाताला लागतं.
घर कुठं सुरू होतं ते कळत नाही.