चार आणि आठ

लॅमिंग्टन रोडला झुबेरभाईच्या काउंटरवर
मी रुमाल उलगडला. आत रॅमची पट्टी, चार जीबीची,
सकाळी मशीनमधून उपटून नमुन्याला आणलेली.
त्याने ती ट्यूबलाइटकडे धरली, खाच पाहिली,
स्टिकरवरचा आकडा नखाने खरवडून वाचला.
"हिची जुळी आता मिळायची नाही, ताई. आठची देतो.
वापरलेली आहे, पण खोटी नाही."

लहानमोठी चालते एकत्र?
मागून एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, छे, मशीन लटकतं.
झुबेरभाईने मान वर केली नाही.
"चालते. दोघींतली हळू असेल तिचा वेग धरायचा.
आठातले चार हिच्या चारांशी जोडीने पळतात,
उरलेले चार एकटे."
एकटे म्हणजे?
"म्हणजे कामाला असतात. जोडीला कुणी नसतं, इतकंच."
मग साडेसातशे म्हणाला. साडेसहाशेला तुटलं.

चुनाभट्टीला हेरंबने कॅबिनेट आडवं करून ठेवलं होतं
जेवणाच्या टेबलावर, स्क्रू कोशिंबिरीच्या वाटीत.
आत पंख्याच्या पात्यांवर नऊ वर्षांची धूळ,
करडी, मऊ, मांजराच्या पोटासारखी.
खिडकीच्या गजाला हात लावून त्याने अंगातली वीज सोडली,
पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले,
अंगठ्यांनी दाबलं. एका टोकाला कट् वाजलं,
दुसऱ्या टोकाला वाजलं असं आम्ही धरून चाललो.

बटण दाबलं. पडदा काळा.
आतून तीन शिट्ट्या.

"भात झाला," हेरंब म्हणाला.
आई दोनच करायची, मी म्हटलं.
"तीन."
दोन रे.
"ताई, मी रोज मोजायचो. तिसरीला गॅस बंद करायचं काम माझं होतं."

खरं होतं त्याचं. माझंही.
तो दीड वर्षाचा असताना बाबांनी सगळे दात काढले,
तेव्हापासून भात मऊ.
त्याच्या आधी दहा वर्षं आमच्याकडे दोन शिट्ट्या होत्या,
टचटचीत शीत, आणि टेलिफोन एक्स्चेंजची रात्रपाळी करून आलेली आई,
कानाला हेडफोनचा वळ, झोपेत कुणाकुणाचे नंबर पुटपुटणारी.
ती आई त्याच्याकडे नाही.
त्याच्याकडची आई दुपारी घरी असते.

पट्टी काढली, पुन्हा लावली, यावेळी दोन्ही टोकांना कट्.
पडद्यावर आकडा उमटला: बारा.
हेरंबने टाळीसाठी हात पुढे केला, धुळीने काळा झालेला.

आता अल्बममधले फोटो अडकत नाहीत.
लोणावळ्याची सहल, गॅलरीतला मोगरा, बाबांची कवळी ग्लासात,
इथे आम्ही दोघं एकदम बोलतो,
एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो, पुढचा, पुढचा.

मग एक येतो कृष्णधवल.
स्विचबोर्डपुढे रांगेत सात बाया, सगळ्यांच्या वेण्या,
डावीकडून तिसरी हसतेय, तिचा हात शेजारणीच्या खांद्यावर.

"ही आई?" हेरंब विचारतो. "आणि ही कोण?"

माउसवरचा हात मी काढून घेते.
ही कुटिन्होबाई, मी सांगते. हिच्या डब्यात मंगळवारी सोरपोतेल असायचं,
आणि आई, तुझी आई, मंगळवारी डबाच न्यायची नाही.
"आई? मटणसुद्धा नाही खायची ती."
थांब, सांगते. सावकाश सांगते.

वाटीत एक स्क्रू शिल्लक आहे.
कुठला, ते दोघांनाही आठवत नाही.