ड्रममधला गवती चहा

वॉशिंग मशीन चार वर्षं चाललं.
नीमियाने माद्रिदहून पाठवलेल्या पैशांचं,
पिरिबेबुयच्या आमच्या गल्लीतलं पहिलं.
मग एका दुपारी वीज कमीजास्त झाली
आणि ते जे गप्प झालं ते झालंच.
भंगारवाल्याला म्हटलं, पत्रा ने, ड्रम ठेव.
अंगभर भोकं, पाणी साचायचं नाही.
याहून बरी कुंडी कुंभाराने तरी काय केली असती?

त्यात गवती चहाचा एक ठोंब लावला,
सेफेरीनाकडून मागून आणलेला.
चोरून आणला तर जास्त फोफावतो म्हणतात,
पण तिच्याकडे कुत्रा आहे.
पाती अर्ध्यावर छाटायची,
बुंधा फार खोल पुरायचा नाही,
आणि आठ दिवस त्याच्याकडे बघायचं नाही.
नाही बघितलं की जगतं.
मुलांचंही असंच असतं, असं मला
बरेच दिवस वाटत होतं.

जुलैत रात्रीचं दव गोठलं, पाती वाळून खराटा झाली.
सप्टेंबरात मधूनच एक हिरवी सुई.
आता कापायला गेले की विळा नेते,
तरी बोटावर एक बारीक रेघ उमटतेच.
दिसत नाही. मीठ लागलं की कळते.

जानेवारीत नीमिया आली. अकरा वर्षांनी.
दहा वाजले, गल्लीभर उखळं वाजू लागली.
मीही मूठभर पाती ठेचली,
बर्फाच्या पाण्यात टाकली,
शिंगाच्या पेल्यात येर्बा भरली, नळी खोचली.
पहिलं पाणी संत तोमासचं, ते येर्बाच पिते.
दुसरं माझं.
तिसरं तिच्या हातात दिलं.
ती प्यायली, डोळे मिटून,
आणि पेला परत देताना म्हणाली, "ग्रासियास."

आमच्याकडे तेरेरे पिताना आभार मानले
की त्याचा अर्थ, पुरे. मला आता नको.
माद्रिदला ज्या घरी ती
दुसऱ्या कुणाच्या आईला आंघोळ घालते
तिथे म्हणे दार उघडलं तरी आभार मानतात.
मला ते ठाऊक होतं.
तरी पुढचा पेला मी सेफेरीनाला दिला.
मग मी. मग पुन्हा सेफेरीना.
आंब्याखाली कुणीच काही बोलेना.
नीमिया पेल्याकडे बघत होती,
लहानपणी पावाच्या टोपलीकडे बघायची तशी.

"आई," ती ग्वारानीत म्हणाली,
"मी पुरे म्हटलं नव्हतं."

मी म्हटलं, पाण्याचा वास उडालाय आता,
ताजी पाती हवीत.
ती उठली, ड्रमकडे गेली.
विळा न घेताच.

परत आली ती एका हातात पाती
आणि दुसऱ्या हाताचं बोट तोंडात.
मी जुनी येर्बा झाडाच्या बुंध्याशी ओतली,
नवी भरली.
पहिलं पाणी पुन्हा संताचं.