जिरेनियम

जुलैतला हा नववा दिवस, पारा त्रेचाळीसवर.
एव्होराबाहेरच्या आमच्या वृद्धाश्रमात
खिडक्यांच्या फळ्या सकाळी आठलाच ओढून घेतो आम्ही
आणि अंधारात पेले मोजत फिरतो.

माझ्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे पाण्याचा रकाना आहे.
दोना आल्दिना : अर्धा पेला, तोही सूप समजून.
सेन्योर झेफेरिनो : दोन घोट, एक शिवी.
बेल्मिरो : सहा पेले.
सहाही रिकामे, ओळीनं उपडे घातलेले.

शहाणा माणूस, म्हणायचे मी.
अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, पण ऐकतो.

तरी त्याचे ओठ सोलल्यासारखे.
तरी लघवी जुन्या मधासारखी गडद.
तरी मंगळवारी त्यानं मला बहिणीच्या नावानं हाक मारली,
जी अडुसष्ट साली गेली.

आणि त्याच्या खिडकीतलं जिरेनियम,
या उन्हात, जेव्हा अंगणातलं गवत पायाखाली कुरकुरतं,
लालभडक, मातलेलं,
कुंडीबाहेर पाय पसरून बसलेलं.

"तहानच नाही," तो म्हणाला, पकडल्यावर.
खोटं नव्हतं ते.
या वयात तहान भाडेकरूसारखी निघून जाते,
न सांगता, किल्ली खिशात घालून,
आणि घरमालकाला वाटत राहतं, आत कुणी आहे.

मी रागावले. गोड बोलले. टरबूज कापलं.
भल्याभल्यांना पाणी पाजलंय मी आयुष्यात,
या एका म्हाताऱ्याला पाजता येईना.

गुरुवारी, पाय चोळताना, उगाच विचारलं :
साल काढायची वेळ झालीय हे कसं कळायचं?
(साठ वर्षं बुचाच्या ओकांवर कुऱ्हाड चालवलेली त्यानं.)
तो उठून बसला.
"पातं आत घालायचं, हलकंच पिळायचं.
झाड पाणी पीत असेल तर साल आपणहून सुटते,
ओला आवाज येतो, जुनं कापड फाटल्यासारखा.
पीत नसेल तर चिकटून बसते.
तेव्हा हात लावायचा नाही, पोरी.
ओढलीस तर आतलं कातडं जातं
आणि झाड मरतं, उभ्या उभ्या, दोन-तीन वर्षं घेऊन."

मी काही बोलले नाही.
त्याच्या पंजावरची कातडी चिमटीत धरली, सोडली.
ती तशीच उभी राहिली.
छोटासा तंबू.
तो खाली बसायची वाट बघत राहिलो दोघं.
भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

"कोरडं आहे," तो म्हणाला,
झाडाबद्दल बोलावं तसं.

मग पेला उचलला. सगळा नाही प्यायला.
मध्येच थांबला, तोंड वाकडं केलं,
"याला चव नाही काही."
लिंबू मागितलं, पुदिना मागितला, वाइन मागितली.
लिंबू दिलं.

शनिवारी त्यानं पांढरा रंग मागवला.
साल काढलेल्या खोडावर वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात,
म्हणजे कळतं, पुन्हा हात कधी लावायचा. नऊ वर्षांनी.
थरथरत्या ब्रशनं त्यानं पेल्यावर लिहिलं : २.
"दोन वर्षांनी?" मी विचारलं.
"दोन तासांनी," तो म्हणाला. "मी काही ओक नाही."

खिडकीतली पानं सोमवारपासून पिवळी पडताहेत.
वहीत सगळ्यात खाली एक नवं नाव घातलंय मी.
जिरेनियम : एक पेला, संध्याकाळी.