शेवटच्या बाकावरून

कनेक्टिकटच्या त्या प्रार्थनाघरात
शेगडी विझत आली तरी
वाद पेटलेलाच.
एल्डर ॲन्सल म्हणाले, दुष्टही उठतील,
निवाडा ऐकायला, मग जळायला.
एलिफलेटनं बायबलवर बोट आपटलं:
छे! माती झाले ते, मातीच राहतील.
देव कशाला त्यांची झोपमोड करील?

मेहिटेबल शेवटच्या बाकावर
हातमोजा काढून बसलेली.
डाव्या हाताची दोन बोटं
लायमननं दारात चेंगरली होती,
थंडीत अजून ठणकतात.
तो टेकडीवर, बर्फाखाली,
अकरा वर्षं गाढ.

जाळू नका त्याला, ती म्हणाली,
कुणालाच नाही, हातमोज्याला.
पण उठवा.
एवढंच विचारायचंय,
दार लावताना
बघत होतास ना माझ्याकडे?

बाहेर कुणाचा तरी घोडा फुरफुरला.