परतल्याची वेळ

आमच्या वहीत आठ रकाने आहेत.
नाव. माणसं किती. कुठे जाणार.
बुटांचा तळ कसा, जॅकेटचा रंग कोणता.
हे दोन लोक हसत भरतात;
कशासाठी, ते मी सांगत नाही.
फोन. निघाल्याची वेळ.
आणि शेवटचा, सगळ्यांत अरुंद:
परतल्याची वेळ.

अकरा वर्षं मी या खिडकीत बसते,
उखाह्लाम्बाच्या पायथ्याशी. झिबुयीले हादेबे.
नावाचा अर्थ, परत आली ती.
ती म्हणजे गुरं. मी जन्मले त्या रात्री
वडिलांच्या हरवलेल्या गायी आपल्या पायांनी घरी आल्या.
हे कुणी विचारत नाही.
विचारतात ते, धबधबा किती लांब?
अडीच तास, मी म्हणते. ओढा तीनदा ओलांडायचा,
दुसऱ्यांदा दगड निसरडे. मग यलोवुडची झाडी,
मग शिडी, तेरा पायऱ्या, एक सैल.
आणि कडा?
कड्यावरून सगळं दिसतं, मी म्हणते.
हे सगळं मला उतरणाऱ्यांनी सांगितलेलं.

मार्चमधला शनिवार. त्रेसष्ट ओळी.
डर्बनचा शाळकरी घोळका,
दोन जर्मन बहिणी, एकाच काठीवरून भांडणाऱ्या,
एक म्हातारे, जे दरवर्षी पहिल्या ओढ्यापर्यंतच जातात,
पाय बुडवून बसतात आणि वहीत 'धबधबा' लिहितात.
मी खोडत नाही.

साडेसहाला एक ओळ उरली.
रेनिअर टरब्लांश. माणसं दोन.
लाल जॅकेट, लाल जॅकेट. चारला येतो म्हणाला होता.
फोन वाजत राहिला, मग वाजेनासा झाला.
रेंजर मकिझे गाडी घेऊन पलीकडच्या गेटवर.
थांब, म्हणाला, तासाभरात पोचतो.
बाहेर खडकांवरचं ऊन उतरून
पातेल्याच्या बुडाचा रंग चढत होता.
तासाभरात, मी म्हटलं, आणि बॅटरी उचलली.

ओढा तीनदाच ओलांडावा लागला.
दुसऱ्यांदा दगड निसरडे निघाले,
चला, तेवढं तरी खरं सांगत होते.
हाका मारल्या. ओ दिली ती बबूननी,
वरच्या कपारीतून, झोपमोड झालेल्या शेजाऱ्यासारखी.
शिडीच्या पायऱ्या मोजल्या. चौदा.
अकरा वर्षं मी लोकांना एक पायरी कमी दिली होती.

कड्यावर फोन थरथरला. नेटवर्कची एक काडी.
सॉरी सॉरी, सही करायची राहिलीच,
आम्ही कधीचेच घरी, अंगणात मटण भाजतोय,
धबधबा फार सुंदर होता, थँक यू.
पुढे एक पिवळा हसरा चेहरा.

मी शिवी दिली. चांगली मोठ्याने दिली.
ती समोरच्या भिंतीवर आपटून परत आली,
जराशी मऊ होऊन.
कड्यावरून सगळं दिसतं म्हणे.
दिसला फक्त खूप खाली एक उजेडाचा चौकोन,
अंगठ्याच्या नखाएवढा:
माझी खिडकी, दिवा मालवायचा राहिलेली.
त्यात बसून मी माणसं मोजते?

फिरायला हवं होतं मागे.
पण उजवीकडून आवाज येत होता,
कुणी धान्य पाखडतंय
आणि सूप काही रिकामं होत नाही.
बॅटरी विझवली. खडकाला हात लावत गेले.
आधी गालाला कळलं, मग दातांना.
मग पाऊल टाकायला जागाच उरली नाही.
लोक म्हणतात पांढरा. पांढरं काही नव्हतं.
काळ्यात जरा कमी काळं, उभं,
आणि माझ्या सुट्टीच्या सोमवारीसुद्धा
हे असंच चालू असणार.

खाली मकिझे दारात, तोंड फुगवून.
मी वही ओढली. टरब्लांशच्या शेवटच्या रकान्यात
लिहिलं: घरी.
खाली नवी ओळ. हादेबे. माणसं एक.
बुटांचा तळ गुळगुळीत, ऑफिसचा.
जॅकेट सरकारी हिरवं. धबधबा.
शेवटाशी पेन अडलं.
केसांतलं पाणी कागदावर टपकत होतं.
लिही की, मकिझे म्हणाला, आलीस ना?
थांब जरा, म्हटलं.
कान यायचेत अजून.